कै. शालिग्रामजींच्या स्मरणार्थ आमची सून

…आणि नेम तरी मला नेमका हाच सापडावा! म्हणजे बघा, नेम धरण्याचं मला काही नवल नाही, लग्न होऊन नांदुऱ्याला आले त्या वर्षापासून दर आषाढी एकादशीला मी चातुर्मासाचा काही ना काही नेम धरते... एकदा वांगं सोडलं, एकदा कांदा-लसूण सोडला, एकदा मीठ सोडलं, तेव्हा आमच्या ह्यांनी घरी जेवणंच सोडलं... एका वर्षी केळीच्या पानावर जेवले, एका वर्षी जेवताना मौन धरलं, त्या वर्षी ह्यांची तब्येत फार सुधारली... आता सोडायला उरलं काय? तर यंदाच्या आषाढीला आमच्या भजनी मंडळात कीर्तनकार महाराज आले होते, त्यांना मी विचारलं, "महाराज, यंदा काय सोडू?" महाराज म्हणाले, "माउली, खाण्याचं सोडणं सोपं. जिभेचं दुसरं काम सोडा. चार महिने कोणाची निंदा करू नका." आणि मी हो म्हणाले! तिथल्या तिथे, तुळशीचं पान हातात घेऊन! शेजारची सिंधूताई मागून माझा पदर ओढून राहिली होती, "काकू, इचार करा, काकू, वांग्यावर भागवा, वांगं बरं राह्यते"... पण नाही. मी संकल्प सोडून मोकळी!

तुम्हाला सांगते, सुरुवातीला अगदी हलकं हलकं वाटलं. मंदिरातून परत येताना बाकीच्या बाया बोलायच्या, याची सून तशी, त्याची सासू अशी, आणि मी आपली नुसती 'हं' 'हं' करायची. 'हं' म्हणजे निंदा नव्हे, हे मी महाराजांना फोन करून आधी विचारून घेतलं होतं. वाटलं, जमलं की! यंदाचं पुण्य पदरात पडलं! आणि मग देवानं काय करावं? परीक्षाच घ्यायची होती तर साधी घ्यायची... एखादी भांडखोर जाऊ पाठवायची, दूधवाल्याला दुधात जास्त पाणी घालायची बुद्धी द्यायची... तर नाही! देवानं थेट उत्तमराव पाठवले!

उत्तमराव म्हणजे आमची सून, सुचिता, जिथे कामाला जाते तिथले मालक. स्टेशनच्या रस्त्याला त्यांची डाळ मिल आहे. माणूस कसा म्हणाल तर... थांबा. आता कार्तिकी होऊन गेली, नेम सुटला, मी बोलायला मोकळी आहे. पण चार महिन्यांत जिभेला वळण लागलं ना! तेव्हा आधीच सांगून ठेवते, मी जे बोलते आहे ती निंदा नाही हं, हे वर्णन आहे.

तर वर्णन असं. उत्तमरावांचे वडील शालिग्रामजी. बरे होते बिचारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. जिवंत होते तोवर त्यांचं नाव घरात कोणी घेत नव्हतं, पडवीत खाटेवर पडलेले असायचे, पाणी मागायचे आणि पाणी येईपर्यंत झोपून जायचे. पण वारले मात्र... आणि उत्तमरावांना वडिलांची अशी काही आठवण यायला लागली की विचारू नका! जिथे रंग टिकेल तिथे त्यांनी नाव लिहून काढलं. बस स्टँडवर बाक दिला, 'कै. शालिग्रामजी यांच्या स्मरणार्थ'. पाण्याची टाकी दिली, टाकी लहान, नाव मोठं, शेवटचं 'स्मरणार्थ' मागच्या बाजूला गेलं. मंदिराला घंटा दिली, तिच्यावर नाव इतकं खोल कोरलं की ती आता वाजत नाही, खोकते. आणि पंखे! देवळात पंखे दिले आणि पंख्याच्या प्रत्येक पात्यावर नाव! आता पंखा फिरायला लागला की नाव कसं वाचणार? तर यांचा आग्रह काय, की आरतीच्या वेळी, म्हणजे जेव्हा देऊळ माणसांनी गच्च भरलेलं असतं तेव्हा, पंखे बंद ठेवायचे! भर वैशाखात आम्ही घामानं निथळत आरती म्हणायची, आणि वर बघायचं काय, तर शालिग्रामजी स्थिर! निंदा नाही हं, वर्णन आहे.

आणि आमची सुचिता म्हणजे... स्वतःच्या सुनेचं कौतुक करू नये म्हणतात, पण नेम निंदेचा होता, कौतुकाचा कुठे होता? उंद्रीची लेक, बी.कॉम. होऊन आली. आमच्या मुलाचं, अविनाशचं, मोबाइलचं दुकान, म्हणजे कधी चालतं, कधी बसतं, तेव्हा ही म्हणाली, आई, मी मिलमध्ये कामाला जाऊ का? मी म्हटलं, जा माय. गेली ती हिशेब लिहायला, आणि बघता बघता सगळी मिलच तिच्या गळ्यात पडली. ट्रकवाला अडला, सुचिता. अडत्या रुसला, सुचिता. मशीन बंद पडलं, मिस्त्री येत नाही, सुचिता. उत्तमरावांना कोणी भाव विचारला तर ते छाती पुढे काढून म्हणतात, "थांबा, सांगतो," आणि आत जाऊन सुचिताला विचारून येतात. आणि एवढं करून तिची जागा काय? क्लार्क!

तेही तिनं मुकाट सोसलं असतं हो. पण पुण्याहून पुतण्या आला ना, हरिओम! एमबीए होऊन आला. म्हणजे शिकून आला ते चांगलंच आहे, शिकलेल्या माणसाचा मला आदरच आहे, पण हा मुलगा मिलमध्ये करतो काय? तर उत्तमरावांच्या गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून फिरतो. इकडून तिकडे फिरतो, तिकडून इकडे फिरतो, आणि दमला की घरी जातो. आणि उत्तमरावांनी जाहीर करून टाकलं, दिवाळीच्या पाडव्यापासून हरिओम मॅनेजर! सुचितानं विचारलं, "अन् भाऊ, मी?" तर म्हणतात, "तू हाये ना! तू शिकवजो त्याले!"

ऐकलं का? तिनं त्याला शिकवायचं, आणि मग त्यानं तिला हुकूम सोडायचे! सुचिता म्हणाली, "पन भाऊ, मलेच काऊन नाई करत मॅनेजर?" तर उत्तमराव काय म्हणावेत, "अवो बाई, डिग्री नाई ना तुह्यापाशी. मॅनेजरले डिग्री लागते. उद्या बाहेरचा माणूस आला, त्यानं इचारलं, तं मी काय सांगू? बी.कॉम.?" आणि हे म्हणणारा माणूस स्वतः कुठवर शिकला आहे, हे मी सांगणार नाही. कारण ते सांगितलं तर मात्र ती निंदा होईल.

आता दुसरी कोणी असती तर रडली असती. सुचितानं शोध काढला. नागपूरला म्हणे एका कॉलेजात नोकरी करणाऱ्या माणसांसाठीच एमबीए असतं, एक्झिक्युटिव्ह म्हणतात त्याला. शनिवार-रविवार वर्ग, बाकीचे दिवस आपली नोकरी. दोन वर्षांत पदवी. फक्त मालकानं स्पॉन्सर केलं पाहिजे. म्हणजे शनिवारची सुट्टी द्यायची आणि फी भरायची, बदल्यात शिकलेलं माणूस आपल्याकडेच राहतं. मला तर इतका आनंद झाला! मी लगेच देवापुढे साखर ठेवली. आमचे हे म्हणाले, "आता या वयात शाळा?" मी म्हटलं, तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी सायकल शिकताना पडलात तेव्हा मी काही बोलले होते का?

आणि मला खरंच वाटलं हो, की उत्तमराव हो म्हणतील. का नाही म्हणतील? तिचं भलं, त्यांचं भलं. मी इतकी भोळी... नाही, भोळी नाही, मी आशा ठेवते, दोन्हींत फरक आहे.

सुचिता गेली विचारायला. श्रावण होता. नीट समजावून सांगितलं, मिलचा फायदा काय, बाहेरच्या राज्यात माल कसा पाठवता येईल, आपल्या नावाची पाकिटं कशी काढता येतील. उत्तमरावांनी सगळं डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडून म्हणाले, "हे पाय बाई, तू शिकशीन, तं हुशार होशीन. हुशार झाली तं मले सोडून जाशीन. अन् नाई शिकली... तं कुठी जाशीन?"

काय माणूस आहे! म्हणजे, काय... काय वर्णन आहे!

तरी ती रोज विचारत राहिली. एका दिवशी म्हणाले, "आज सोमवार हाये, उपाशी पोटी मी पैशाचं बोलत नाई." मंगळवारी म्हणाले, "आताच जेवलो, झोप येऊन राह्यली." पोळ्याला म्हणाले, "आज बैलाचा दिवस हाये, आज तरी माणसाचं काही सांगू नको." शेवटी मी म्हटलं, सुचिता, मी येते. बाईमाणूस घरी आलं की माणूस जरा नरम पडतो. केळीच्या पानात सत्यनारायणाचा प्रसाद घेतला आणि आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो.

"या रुख्मावैनी, या! बसा! चहा तं तुमाले चालत नसन, चातुर्मास हाये तुमचा!"

चहा चालतो हो मला! चहा कोणत्या चातुर्मासात निषिद्ध आहे? कोणत्या पोथीत लिहिलंय? पण म्हणू कशी! प्रसाद मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतला आणि बोलता बोलता आमच्यासमोरच संपवला.

मग मी विषय काढला. उत्तमराव एकदम गंभीर झाले. "वैनी, मी दानाले नाई म्हनत नाई. पूर्ण तालुक्याले माहीत हाये. पन दान दिसाले पाह्यजे का नाई? बाक देल्ला, बाक दिसते. लोकं बसतात, उठता उठता नाव वाचतात. पंखा देल्ला, पंखा दिसते. आता तुमची सून शिकली, तं ते शिक्षण कुठी राहीन? डोक्यात! अन् डोक्यातलं कोनाले दिसते? बाबाचं नाव मी लिहू कुठी?"

सुचिता म्हणाली, "भाऊ, हे दान नोहे. मी जे शिकीन ते आपल्याच मिलच्या कामी येईन."

"ते खरं हाये. पन सर्टिफिकेटवर लिहीन का कॉलेज? खाली, बारीक अक्षरात? 'कै. शालिग्रामजी यांच्या स्मरणार्थ'?"

"नाई लिहीत भाऊ."

"बरं, पदवी घ्याच्या वक्ती तो काळा झगा घालतात ना, टोपीवाला... त्याच्या पाठीवर?"

सुचितानं माझ्याकडे बघितलं. मी वर छताकडे बघितलं. तर वर पंखा, आणि त्याच्यावरही शालिग्रामजी! स्वतःच्या घरातल्या पंख्यावर! मला सांगा, घरच्या घरी कोण कोणाला दान देतं? इथे माझी जीभ अशी काही वळवळली की काय सांगू... मी तिला दाताखाली धरली, आणि देवाचं नाव घेऊन गोड आवाजात म्हटलं, "भाऊ, रंगानं लिहिलेलं नाव उडून जाते. लोकायच्या तोंडात बसलेलं नाव उडत नाई. तुमी जाहीर करून पाहा, आख्खं नांदुरा तुमचं नाव घेईन."

बास. उत्तमरावांचा चेहरा असा फुलला! "वा वैनी! म्हनजे गणपतीत? स्टेजवर?" मी म्हटलं, "हाव, स्टेजवर." आम्ही उठलो, चपला घातल्या, फाटकापर्यंत आलो, तेव्हा त्यांच्या मंडळींनी आतून आवाज दिला, "अवो, चहा तरी घेतला असता!"

गणपतीत काय सत्कार झाला म्हणून सांगू! चौकात फ्लेक्स लागला. मध्ये शालिग्रामजी हारासकट, बाजूला उत्तमराव गॉगल घालून, आणि खालच्या कोपऱ्यात, सौजन्याच्या जागी, आमची सुचिता, आधार कार्डावरचा फोटो. आणि मजकूर काय, तर 'कै. शालिग्रामजी यांच्या स्मरणार्थ, सौ. सुचिता यांना उच्च शिक्षण सप्रेम भेट'. जसं काही लग्नात कुकर दिला! स्टेजवर उत्तमराव बोलले. वडिलांवर बोलले, स्वतःवर बोलले, पुन्हा वडिलांवर बोलले. मग सुचिताला शाल दिली, नारळ दिला, टाळ्या झाल्या, मी तर पदरानं डोळे पुसले, म्हटलं झालं बाई, देव पावला... शाल मात्र स्टेजवरून उतरता उतरता कार्यकर्त्यांनी परत घेतली, मागून आणखी एक सत्कार होता.

दुसऱ्या दिवशी सुचिता उत्साहानं मिलमध्ये गेली. म्हणाली, "भाऊ, कॉलेजाची फी भराची हाये. दसऱ्याच्या आत."

उत्तमराव म्हणाले, "फी? कायची फी?"

"स्पॉन्सरची, भाऊ."

"अवो बाई, मंग काल केलं ना स्पॉन्सर!"

आणि तुम्हाला सांगते, ते चेष्टा नव्हते करत! त्यांना खरंच तसं वाटत होतं! "शाल देल्ली, नारळ देल्ला, फ्लेक्स लावला, भाषण केलं, पेपरात फोटो आला... अजून काय राह्यलं बाप्पा? एवढं तं मी मंदिराच्या कळसाले नाई केलं! अन् आता तं पितर लागले. पितृपक्षात मी नवं काई करत नाई."

म्हणजे बघा! द्यायचं वडिलांच्या नावानं, आणि वडिलांच्याच पंधरवड्यात द्यायचं नाही! कावळ्याला पान ठेवायचं, आमच्या सुनेला... जाऊ द्या. वर्णन, वर्णन.

त्या संध्याकाळी सुचिता मेथी निवडत बसली होती. मी बघितलं तर निवडलेली मेथी तिनं पुन्हा टोपल्यात टाकली आणि पुन्हा निवडायला घेतली. मी म्हटलं, "माय, झाली ना निवडून." तर म्हणाली, "आई, दसऱ्यापर्यंत फी नाई गेली तं जागा गेली. पाडव्याले हरिओम मॅनेजर होईन. मंग मी त्याले ‘सर’ म्हणू का? ज्याले मी परवा शिकवलं, का ट्रकची पावती कोन्या खिडकीतून घेतात?" रडली नाही. मेथीच्या काड्या तेवढ्या मोडत राहिली, कडक, एकेक.

मी उठून अंगणात तुळशीपाशी गेले. हात जोडले आणि तोंड उघडलं. आणि एक शब्द असा ओठांवर आला, एक असा शब्द, की आमच्या माहेरी, जानेफळला, तो अडलेल्या बैलालासुद्धा वापरत नाहीत. तुळस समोर. शब्द ओठांवर. चातुर्मासाचे अजून दिवस शिल्लक... मी गिळला. गरम घास गिळल्यासारखा गिळला. छातीत जळजळलं, पण गिळला. आणि तुळशीला म्हटलं, बाई, माझं तोंड तू बांधलंस, आता उपाय पण तूच सांग.

उपाय सिंधूताईच्या तोंडून आला. दुसऱ्या दिवशी भजनाला गेले तर ती सगळ्याजणींदेखत विचारायला लागली, "काय झालं मंग सुचिताच्या कॉलेजाचं? भरली का फी?" आता आली का पंचाईत! भरली नाही म्हणावं तर निंदा. भरली म्हणावं तर खोटं, आणि खोट्याचं पाप निंदेपेक्षा मोठं. काय करू? तर माझ्या तोंडून निघून गेलं, "स्टेजवर शब्द देल्ला हाये त्यायनं. एवढा मोठा माणूस, शब्द मोडन का? भरतीनच. अन् शनिवारची सुट्टी बी देतीन. मोठ्या मनाचा माणूस!"

यात खोटं काय आहे? मी फक्त आशा ठेवली. आणि निंदा तर अजिबातच नाही! आणि काय सांगू, बोलले आणि छातीतली जळजळ थांबली. मला तर रस्ताच सापडला! मी जिथे जाईन तिथे उत्तमरावांचं कौतुक करायला लागले. किराणा दुकानात, दवाखान्याच्या रांगेत, दळणाच्या चक्कीवर. "असा मालक पाहाले नाई भेटत." "बापाच्या नावानं बाईले शिकवून राह्यले." "शब्द म्हनजे शब्द." लोकांनाही नवीनच होतं, नांदुऱ्यात इतकं चांगलं कोणी कोणाबद्दल बोलत नाही ना! दोन-चार दिवसांत गावभर झालं. नवरात्रात महाराजांचं कीर्तन होतं, तर महाराजांनी दानाचा महिमा सांगताना कर्ण सांगितला, बळीराजा सांगितला आणि तिसरे सांगितले आमचे उत्तमराव! उत्तमराव समोरच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. लोक म्हणाले, बघा, किती विनय!

सुट्टी मागायला मिलमधले इतर लोक जायला लागले. एकजण म्हणाला माझ्या पोरीला आयटीआयला स्पॉन्सर करा. शाळेचे गुरुजी बोलवायला आले, प्रमुख पाहुणे व्हा, विषय 'स्त्रीशिक्षण'. बोदवडच्या एका व्यापाऱ्यानं तर फोन करून अभिनंदन केलं. शेवटी उत्तमराव स्वतः आमच्या दारात आले. स्वतः! आमच्या दारात!

"वैनी, तुमी काय सांगून राह्यले लोकायले?"

मी म्हटलं, "चांगलंच सांगून राह्यली भाऊ. चातुर्मास हाये. वाईट बोलाचं नाई असा नेमच हाये माहा."

"हाव, पन..." बिचारे घाम पुसत होते, "...थोडं कमी चांगलं सांगा ना!"

मी चहा विचारला. हो, मी विचारला! त्यांनी घेतला पण, दोन कप.

आणि आला दसरा. सोनं लुटून सगळे चौकात जमलेले, आपट्याची पानं देणं-घेणं चाललेलं, आणि तिथे आले अर्जुनराव. अर्जुनराव म्हणजे दुसऱ्या डाळ मिलचे मालक, उत्तमरावांचे तोलामोलाचे वैरी. वैर कशावरून, तर दोघांनाही बापाच्या नावानं एकाच देवळाला दरवाजा द्यायचा होता, आणि देवळाला दरवाजा एकच. अर्जुनरावांनी उत्तमरावांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उत्तमराव, ऐकलं, सुचिताबाईची फी अटकली म्हने. जड जात असन तं सांगा, मी भरतो. आमच्या बाबाचं बी नाव कुठीतरी लागलं पाह्यजे. फ्लेक्स तुमचाच राहू द्या, फकत मधातला फोटो बदलवू."

फी अडकल्याचं अर्जुनरावांना सांगितलं कोणी? मी? मी नाही! माझा नेम! सांगितलं सिंधूताईनं, भिंतीपलीकडून सगळं ऐकून होती ती. सिंधूताईनं यंदा वांगं सोडलं होतं, जीभ नव्हती सोडली.

उत्तमरावांचा चेहरा... कसं वर्णन करू! आधी लाल, मग पांढरा. त्यांनी एकदा फ्लेक्सवरच्या शालिग्रामजींकडे बघितलं, आणि हारातल्या त्या गरीब म्हाताऱ्याच्या जागी अर्जुनरावांचा मिशीवाला बाप बसलेला त्यांना दिसला असणार, कारण ते एवढ्यानं ओरडले की वरचे पक्षी उडाले, "हरिओम! मोबाइल आन बे!"

आणि हरिओमनं, तुम्हाला सांगते, त्या मिलच्या नोकरीतलं स्वतःचं पहिलं काम केलं. चौकात उभं राहून, सगळ्यांसमोर, मोबाइलवरून सुचिताची फी भरली. स्वतःच्याच खुर्चीचा पाय स्वतःच्याच बोटानं कापला बिचाऱ्यानं, आणि भरून झाल्यावर अंगठा वर केला. सुचिता माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझा हात असा दाबला की बांगडी पिचली. उत्तमराव मात्र छाती काढून अर्जुनरावांना म्हणाले, "अन् शनिवारची सुट्टी! ते बी देल्ली! अन् पदवी येईपर्यंत मॅनेजरची खुर्ची खाली राहीन! आमच्या बाबाचं नाव हाये, गंमत नोहे!"

झालं तर. गोड झालं. सुचिता आता शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसते, मी ज्वारीची भाकर आणि ठेचा बांधून देते, रविवारी रात्री येते ती थकलेली आणि चेहऱ्यावर असं काही तेज घेऊन येते, की प्राची, आमची नात, तिचीच पुस्तकं उघडून बसते आणि म्हणते मी पण एमबीए. मी रोज देवापुढे दिवा लावते आणि म्हणते, पोरीचं शेवटाला ने रे बाबा.

मग मी चिडलेली का आहे, विचारा ना! अहो, चातुर्मासभर मी काय काय गिळलं! कार्तिकीची वाट बघत होते मी. म्हटलं, एकदा का नेम सुटला की भजनी मंडळाच्या मध्यभागी बसते आणि सुरुवात करते, पहिल्या पंख्यापासून! तोंडपाठ करून ठेवलं होतं सगळं! तर द्वादशीला सकाळी पारणं फेडलं, पहिला घास तोंडात घातला, आणि सुचिता म्हणाली, "आई, एक सांगाचं राह्यलं. भाऊनं फी एकाच सत्राची भरली हाये."

एकाच सत्राची! बाकीची सत्रं पुढे आहेत, आणि दर सत्राला फी! आणि त्यांच्या कानावर कौतुक गेलं नाही की खिसा उघडत नाही, हे आता मला पक्कं माहीत झालंय! अहो, चातुर्मास चार महिन्यांचा असतो, हा कोर्स दोन वर्षांचा आहे! म्हणजे मी परत चक्कीवर उभी, "मोठ्या मनाचा माणूस"... परत दवाखान्यात, "शब्द म्हनजे शब्द"... ज्या माणसाबद्दल माझ्याजवळ एवढं वर्णन साठलंय, त्याची मी दोन वर्षं स्तुती करायची! महाराजांना विचारलं, तर म्हणाले, "माउली, तुमची साधना वाढली." वाढली! डाळीच्या भावासारखी वाढली!

तेव्हा आज तुमच्यासमोर बोलले, मन मोकळं केलं, हे इथेच ठेवा. आणि माझी एवढीच एक विनंती आहे, हात जोडून. तुमच्यापैकी कोणाचं नांदुऱ्याला येणं-जाणं असेल, कोणाचे सोयरे असतील, तर माझ्यासारखंच तुम्हीही करा... उत्तमरावांबद्दल चांगलं बोला. कष्ट होतील, मला माहीत आहे, पण पोरीच्या शिक्षणासाठी बोला. फक्त तोंडावर नका बोलू, तोंडावरचं कौतुक ते नुसतं खिशात घालतात. पाठीमागे बोला हं. पाठीमागचं बोलणं आमच्या गावात संध्याकाळच्या आत पोहोचतं.